तिला मालक नाही

काळ्या गाडीचा फोटो काढणं म्हणजे डोक्याला ताप आहे. लाल गाडी कशीही काढा, लाल दिसते. पांढरी गाडी ओरखडे पोटात घालते. काळ्या गाडीत मात्र आभाळ दिसतं, विजेचा खांब दिसतो, मागून जाणारा दूधवाला दिसतो आणि मधोमध कॅमेरा घेऊन वाकलेली एक चष्मेवाली बाई दिसते. ती बाई म्हणजे मी. ते टाळायचं तर ऊन वर यायच्या आत जागेवर पोचावं लागतं आणि तिरकं उभं राहावं लागतं. म्हणून रविवारी नगरच्या सावेडीतले लोक कूस बदलत असतात तेव्हा मी बादली, फडकी आणि ट्रायपॉड डिकीत टाकून निघालेली असते.

माझी गाडी कॉन्टेसा आहे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. लांबलचक बॉनेट, पुढं चार गोल दिवे, मागं तशीच ऐसपैस डिकी, आणि उभी असली तरी निघाल्यासारखी दिसते. अमेरिकेत ताकदीच्या, रुंद खांद्यांच्या गाड्यांना मसल कार म्हणतात. इंटरनेटवरचे शौकीन कॉन्टेसाला आपल्याकडची मसल कार म्हणतात. आमच्या सोसायटीचे चेअरमन तिला डबडं म्हणतात. मी त्यांना एकदा शांतपणे सांगितलं, की तुमच्या गाडीचा फोटो आजवर तुमच्याशिवाय कुणी काढलाय का ते बघा आणि मग बोला. तेव्हापासून ते लिफ्टमध्ये माझ्याकडं बघत नाहीत, आणि माझं काही अडत नाही.

ही गाडी मला राहात्यात मिळाली. एका डॉक्टरांच्या बंगल्यामागं ताडपत्रीखाली पडून होती. डॉक्टर गेले होते आणि त्यांच्या बायकोला तिची अडगळ झाली होती. 'अहो, कोंबड्या अंडी घालतात तिच्यात,' त्या म्हणाल्या. खरंच घातली होती. मी ताडपत्री वर केली, चाकं बसलेली पाहिली, मखमली सीटवरची पिसं पाहिली, आणि घ्यायचं ठरवून टाकलं. पुणतांब्याहून माझा थोरला भाऊ ट्रॅक्टर घेऊन आला. गाडी मागं बांधून त्यानं गावापर्यंत ओढत नेली आणि सगळ्या रस्त्यानं हसत होता.

'तायडे, हत्ती पोसतीयास तू,' दादा म्हणाला.

'हत्ती तर हत्ती. तुझ्याकडं चारा मागितला का?'

'मागशील की. जाशील कुठं?'

नाही मागितला. इंजिन नगरला एका गॅरेजात खोलून घेतलं, रंग तिथंच मारून घेतला, आणि मागच्या दिव्याच्या काचेसाठी मी जेवढे फोन केले तेवढे माझ्या लग्नाच्या वेळी सगळ्या नातेवाइकांनी मिळून केले नसतील. लग्नाचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकते. मी शाळेत मराठी शिकवते, पंचेचाळिशी उलटली आहे आणि नवरा सोडून आलेली आहे. लोक 'नवऱ्यानं टाकलेली' म्हणतात. त्या वाक्यात कर्ता चुकला आहे. दुरुस्त करायचा मी पुष्कळदा प्रयत्न केला, पण आमच्याकडं हे व्याकरण कुणाला शिकायचं नसतं.

दादाबद्दल मी वाईट बोलणार नाही. म्हणजे बोलणार आहे, पण आधी चांगलं सांगते. मी घर सोडलं त्या दिवशी तो टेम्पो घेऊन दारात आला होता. एक शब्द विचारला नाही. माझी कपाटं स्वतः उचलली. ते मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. पण त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की ही आता आपल्या पदरात. माझा पगार माझा, घर माझं, गाडी माझी, तरी गावात कुणी विचारलं की हा छाती काढून सांगतो, 'बहीन हाय ना, मीच बघतो तिचं.' काय बघतो? दिवाळीला माझ्याकडं येऊन चिवडा खातो, एवढंच.

गाडी धावायला लागली तशी मी दर रविवारी तिचे फोटो काढायला लागले. गोदावरीच्या घाटावर, उसाच्या तुऱ्यांसमोर, कारखान्याच्या रस्त्यावर बैलगाड्यांच्या रांगेशेजारी. उसाचे तुरे काळ्या बॉनेटमध्ये उतरतात ना, ते बघायला मी थंडीत बोटं आखडेपर्यंत उभी राहिलेली आहे. फोटो काढताना गर्दी जमतेच. एखादा बॉनेटवर हात टेकतो. एखादा टपावर पाण्याची बाटली ठेवतो. 'हात काढा,' मी म्हणते. 'अवो ताई, हात लावल्यानं झिजती का?' 'झिजती. काढा.' मग ते मला खडूस म्हणतात. म्हणू देत. वर्गातही म्हणतातच.

फोटो मी इंटरनेटवर टाकत गेले आणि लोकांना ते आवडत गेले. पुण्याचे, कोल्हापूरचे शौकीन विचारायचे, भाऊ, पॉलिश कुठलं वापरता? भाऊ म्हणूनच विचारायचे. मी आधी दुरुस्त करायची. मग सोडून दिलं आणि पॉलिशचं नाव सांगायला लागले. दादानंही ते फोटो पाहिले, आणि ज्या गाडीला तो हत्ती म्हणायचा ती हळूहळू 'आमची गाडी' झाली. तुझी नाही, आमची.

अशात राहात्याजवळ एका शौकीन मंडळानं जुन्या गाड्यांचं प्रदर्शन ठरवलं. लग्नसराई संपलेली, त्यामुळं एक लॉन्स रिकामं मिळालं होतं. आमच्याकडं लॉन्स म्हणजे लग्नाचं मैदान: हिरवळ, कमान आणि एका टोकाला स्टेज. सगळ्यात निगुतीनं ठेवलेल्या गाडीला बक्षीस होतं. गाडीच्या मालकाला स्टेजवर बोलावून फेटा बांधणार, ट्रॉफी देणार आणि गाडीसोबत फोटो काढणार.

खोटं कशाला बोलू, मला ते बक्षीस हवं होतं. छंद निरपेक्ष असतो वगैरे मी निबंधात लिहायला सांगते, पण मला फेटा हवा होता, आणि त्याहून जास्त, माईकवरून माझं नाव हवं होतं. राहात्याच्या मैदानात, पुणतांब्याच्या लोकांसमोर, या गाडीचे मालक अमुक अमुक म्हणून. ज्या लोकांनी मला कधी 'अमक्याची बायको' आणि नंतर 'तमक्याची बहीण' म्हणून ओळखलं, त्यांनी एकदा ते कानांनी ऐकावं एवढंच मला पाहिजे होतं.

मी मंडळाला फोन करून गाडीची नोंद केली. नाव सांगितलं, गाडी सांगितली. पुन्हा संपर्काची गरज पडली तर असू दे म्हणून दादाचाही नंबर दिला, कारण तास चालू असताना माझा फोन बंद असतो. तिथंच घोळ झाला. पण तो मला प्रदर्शनाच्या दिवशी कळला.

आदल्या दिवशी गाडी पुणतांब्यात वहिनीच्या अंगणात धुतली. वहिनी हळदकुंकवाची कोयरी घेऊन बाहेर आली आणि थेट बॉनेटवर स्वस्तिक काढायला वाकली.

'वहिनी, नंबरप्लेटवर लावा. रंग खातं ते.'

'देवाचं कुंकू रंग खातं व्हय?'

'देवाचं नाही खात. दुकानातलं खातं.'

वहिनी हसली आणि नंबरप्लेटवर बोटं टेकली. 'बक्षीस आणा, ताई,' म्हणाली. आमच्या घरात माझ्या बाजूनं एवढी एकच बाई आहे, आणि तिचंही मत कुणी विचारत नाही.

सकाळी मी पोचले तेव्हा गाड्या रांगेत लागत होत्या. फियाट, अॅम्बेसेडर, दोन जिपा, चार-पाच बुलेट, एक राजदूत. प्रत्येक गाडीपुढं लोखंडी स्टँडवर फ्लेक्सचा छोटा बोर्ड. त्यावर गाडीचं नाव आणि खाली 'मालक : श्री. अमुक अमुक.' मी माझी गाडी ठरलेल्या जागी लावली, उतरले, चष्मा पुसला आणि माझा बोर्ड वाचला.

'मालक : नाहीत. सांभाळ : श्री.' आणि पुढं दादाचं पूर्ण नाव, पुणतांबा.

मी पुन्हा वाचलं. शेजारच्या जीपवाल्यानं गॉगल वर केला आणि विचारलं, 'बेवारस हाय का काय ही?' त्याच्याबरोबरचे दोघं हसले. दादा गावच्या माणसांना घेऊन नुकताच आला होता. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. मी त्याला बाजूला घेतलं आणि बोर्ड दाखवला.

'हे काय आहे?'

त्यानं वाचलं आणि डोकं खाजवलं. 'मला त्यांचा फोन आल्ता. म्हनले, तिचे मालक कोन?'

'मग?'

'मग काय. म्हनलं, तिला मालक न्हाईत. हुते, सोडलं.'

मला तिथंच कळलं. ज्यांना आमची बोली ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडं बाई नवऱ्याला मालक म्हणते. 'आमचे मालक कारखान्यात हायेत' म्हणजे नवरा कारखान्यात आहे. फोनवरचा माणूस गाडीबद्दल विचारत होता, दादा माझ्याबद्दल सांगत होता. गाडीही ती आणि मीही ती. एका सर्वनामात दोघी सापडलो.

'आणि पुढं काय म्हणाले?'

'म्हनले, मग आता कुणाकडं असती? म्हनलं, आमच्याकडंच की. मीच बघतो तिचं सगळं. तर म्हनले, तुमचं नाव टाकू का? म्हनलं, टाका.'

'गाडीच्या बोर्डावर माझ्या नवऱ्याची चौकशी कशाला करतील, दादा?'

'मला काय म्हाईत. आजकाल काय बी विचारत्यात.'

दुसरं कुणी असतं तर मी पोट धरून हसले असते. वर्गात उदाहरण म्हणून दिलं असतं. पण त्या क्षणी मला हसू आलं नाही. मला राग आला, आणि तो फोनवरच्या माणसाचा नव्हता. मला राग आला तो 'टाका'चा. चुकून का होईना, बोर्डावर आपलं नाव येतंय म्हटल्यावर माझा भाऊ इतक्या सहज हो म्हणाला होता.

'काढून टाकू आपण,' तो म्हणाला. 'पण बाईमानसाचं नाव बोर्डावर कशाला? लोकं नको ते विचारत्यात. माझं राहिलं तर बिघडलं काय? घरचंच हाय.'

'घरचं नाही. माझं आहे.'

मी नोंदणीच्या टेबलाकडं गेले. तिथं बॅज लावलेले एक गृहस्थ चहा पीत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. ते माणूस म्हणून चांगले होते, लगेच उठले, बोर्ड उलटा करून मागची कोरी बाजू पुढं घेतली आणि मार्कर उघडला.

'मालकीण लिहितो, मॅडम.'

'मालकीण म्हणजे मालकाची बायको. मालक लिहा.'

'ते पुल्लिंगी होतं ना पण.'

'होऊ द्या.'

त्यांनी लिहिलं. मालक, आणि पुढं माझं नाव. आधी सौ. नाही, श्रीमती नाही, कुमारी नाही. मी विचारलं, 'माईकवाल्यांच्या कागदावर पण बदलणार ना?' 'हो हो, सांगतो मी,' ते म्हणाले आणि चहाकडं परत गेले. मी जीपवाल्याकडं बघितलं. त्यानं गॉगल खाली केला.

मग परीक्षक आले. तिघं होते. त्यांनी बॉनेट उघडायला सांगितलं, मी उघडलं. इंजिनात काय काय मूळचं आहे ते विचारलं, मी सांगितलं. पण मी प्रत्येक उत्तर दिलं की त्यातले दोघं दादाकडं बघायचे, आणि दादा मान हलवायचा. त्या मानेला इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. कार्बोरेटर दाखव म्हटलं असतं तर त्यानं बॅटरी दाखवली असती. तरी माझं उत्तर त्या मानेतून गेल्याशिवाय त्यांच्या कानात शिरत नव्हतं. तिसऱ्यानं तेवढं माझ्याकडं बघून म्हटलं, 'रंग सुंदर ठेवलाय.' मी त्याला थँक्यू म्हणाले आणि मनापासून म्हणाले.

दुपार कलताना निकाल सुरू झाले. खुर्च्या भरल्या होत्या. पुणतांब्याची माणसं एका ओळीत, मधे दादा, आणि टोकाला मी. बुलेटचं बक्षीस झालं. जीपचं झालं. मग निवेदकानं घसा साफ केला. 'आणि आता सगळ्यात निगुतीनं ठेवलेली गाडी. काळी कॉन्टेसा.' मी उठलेच होते. साडीचा पदर नीट केला होता. 'मालकांनी स्टेजवर यावं. श्रीयुत...' आणि त्यानं दादाचं नाव घेतलं.

कागद बदललाच नव्हता.

मी दादाकडं बघितलं. त्यानंही माझ्याकडं बघितलं. हे मी शपथेवर सांगेन, की त्यानं बघितलं आणि त्याला सगळं माहीत होतं. तो बसून राहू शकत होता. जागेवरून नुसता हात करून माझ्याकडं दाखवू शकत होता. पण ओळीतल्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली, 'चला, उठा की मालक,' म्हणालं, आणि माझा भाऊ उठला. शर्ट खाली ओढला आणि चालायला लागला.

फेटा केशरी होता. बांधणाऱ्यानं दादाच्या डोक्याभोवती पहिला वेढा दिला तेव्हा निवेदकाला काहीतरी आठवलं. बहुतेक बॅजवाल्यांनी कानात सांगितलं असावं. 'आणि हो, ताईंनी पण यावं,' तो म्हणाला. 'गाडी पुसायला ताईंची मोठी मदत असते असं कळलं. जोरदार टाळ्या ताईंसाठी.' स्टेजवर एका बाईंनी खण-नारळाचं ताट उचललं आणि माझ्याकडं बघून हसल्या. लोक टाळ्या वाजवत होते. खरंच जोरदार वाजवत होते. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि म्हणूनच माझा जीव तळतळला.

स्टेजवर जाऊन भांडता आलं असतं. माईक हातात घेऊन सगळं व्याकरण सांगता आलं असतं. रोज तेच करते मी, चूक दिसली की फळ्याकडं वळते. पण त्या दिवशी मला वाटलं, बास. दर वेळी मीच का समजावून सांगायचं? ज्याला समजायचं होतं तो फेटा बांधून घेत होता.

मी ओळीतून बाहेर पडले आणि स्टेजकडं न जाता गाड्यांकडं गेले. बोर्ड उचलून मागच्या सीटवर ठेवला. गाडीत बसले, किल्ली फिरवली. कॉन्टेसा पहिल्याच फटक्यात सुरू झाली. खुर्च्यांवरची डोकी वळली. स्टेजवर दादानं मान वळवली तर बांधणाऱ्यानं ती पुन्हा सरळ केली.

फाटकावर लॉन्सचा वॉचमन होता, दादाच्या वयाचा. त्यानं साखळी लावलेली होती आणि तो हात आडवा करून पुढं आला.

'ताई, ही गाडी न्हाई न्हेता यायची. बक्षिसाची हाय. मालकांचा तिच्यासंगं फोटू व्हायचाय.'

'माहीत आहे.'

'मग? मालकाला विचारलं का?'

'विचारलं.'

त्यानं स्टेजकडं बघितलं. तिथून माईकवर कुणीतरी काळ्या गाडीबद्दल काहीतरी म्हणत होतं. दादा फेटा सावरत पायऱ्यांपाशी आला होता.

'काय म्हनले?'

'काढ म्हणाले.'

त्यानं साखळी सोडली.